सोसायटीने खिसा बघावा, चूल बघू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीचा फोन आला. इथे न्यूयॉर्कला दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे साडेअकरा. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीत तिने आणि आमच्या जावयांनी दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत केला होता. बँकेचे कर्ज मंजूर झाले होते, टोकन दिले होते, पडदे कुठले घ्यायचे इथवर बोलणे गेले होते. आणि त्या दिवशी घरमालकाने टोकन परत केले. ‘कमिटीचं म्हणणं आहे की बिल्डिंगमध्ये सगळे व्हेज आहेत, तुम्हाला अवघड जाईल,’ एवढेच तो म्हणाला. कागदावर एक अक्षर नाही. ‘काकू, अवघड मला जाणार होतं की त्यांना?’ असे तिने विचारले आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. आजवर त्यावर लिहिले नाही. आता घरातच घडले म्हणून लिहिते आहे. दुसरेही कारण आहे. घर घ्यायला आलेल्याची पारख जिथे होते, त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे, आणि दोन्हीकडे काय घडते ते मला माहीत आहे.

मी मूळची गिरगावातली. लग्न होऊन १९८९ साली इथे आले, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आम्ही राहतो तो भाग क्वीन्समधला जॅक्सन हाइट्स. न्यूयॉर्कला येणारा भारतीय माणूस एकदा तरी इथे येतोच, कारण ७४ व्या रस्त्यावर हळदीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळे मिळते. पण त्या रस्त्यावरून दहा मिनिटे पूर्वेला चालत गेले तर जे दिसते ते फार थोड्यांनी पाहिलेले असते. १९०९ मध्ये मॅनहॅटनला जोडणारा क्वीन्सबरो पूल झाला आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने इथली शेते विकत घेऊन वसाहत आखली. एडवर्ड मॅकडूगल हा तिचा कर्ताधर्ता. १९१७ मध्ये खांबांवरून धावणारी रेल्वे इथवर आली, तीच आजची सात नंबरची गाडी. इंग्लंडमधल्या उद्याननगरीच्या कल्पनेवरून त्याने इमारती चौकाच्या कडेकडेने बांधल्या आणि मधोमध सगळ्यांची मिळून एक लांबलचक बाग ठेवली. रस्त्यावरून ती दिसतच नाही. आमच्या इमारतीचे मागचे दार उघडले की एकदम झाडे, बाक, खारी आणि शांतता. गिरगावातल्या वाडीच्या बोळातून आत शिरल्यावर मधल्या चौकात जसे बाहेरच्या रस्त्याचे आवाज मिटतात, अगदी तसे.

या इमारतींना इथे ‘प्री-वॉर’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या. आमची विसाच्या दशकातली आहे. १९९३ पासून हा सगळा भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित आहे, त्यामुळे बाहेरची खिडकी बदलायची तरी शहराच्या वारसा आयोगाची परवानगी लागते. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूम, साधारण हजार चौरस फूट. दार उघडल्यावर थेट बैठकीच्या खोलीत पाय पडत नाही. आधी एक चौकोनी जागा लागते, तिला फॉयर म्हणतात. चाळीतली आम्हा सहा जणांची खोली त्या फॉयरपेक्षा थोडीच मोठी होती. भिंती जाड गिलाव्याच्या. खिळा ठोकला की पोपडा हातात येतो, म्हणून छताखाली जी लाकडी पट्टी फिरवलेली आहे तिला हुक अडकवून तसबिरी टांगायच्या. जमिनीला ओकच्या लाकडाचे जुने तुकडे, चालताना दोन ठिकाणी हमखास करकरतात. स्वयंपाकघर अरुंद, पण त्याला स्वतःची खिडकी आहे आणि बंद होणारे दार आहे. नव्या इमारतींत या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

आणि रेडिएटर. तळघरातल्या बॉयलरमध्ये पाणी उकळते, वाफ नळीने वर चढते, बिडाच्या रेडिएटरमध्ये निवून तिचे पाणी होते आणि त्याच नळीने खाली उतरते. रेडिएटर नळीच्या बाजूला किंचित कललेला नसेल तर पाणी आतच साचते, आणि पहाटे वाफ आली की लोहाराने घण घालावा तसा आवाज होतो. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच नोव्हेंबरात लहान बेडरूममधला रेडिएटर असा ठोकायला लागला. मुलगा दोन वर्षांचा, तो दचकून उठायचा. चौथ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पोलंडहून आलेल्या ज्यू आईवडिलांची मुलगी. मला वाटले, आवाजाची तक्रार करायला आल्या. त्यांच्या हातात दोन लाकडी पाचरी होत्या. मला म्हणाल्या, उचला इकडून. आम्ही दोघींनी मिळून तो रेडिएटर बोटभर उचलला, त्यांनी पाचरी लांबच्या दोन पायांखाली सरकवल्या, आणि आवाज गेला तो गेलाच. मग चहा घेताना त्यांनी सहज सांगितले की ही वसाहत झाली तेव्हा इथे ज्यूंना घर देत नसत, कृष्णवर्णीयांना तर नाहीच. ‘माझ्या वडिलांना या दारातून आत घेतलं नसतं,’ त्या म्हणाल्या. मी तोवर त्या सुंदर बागांकडे नुसती बाग म्हणून बघत होते.

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. पाचरी अजून त्याच जागी आहेत. थंडीत मी त्या रेडिएटरशेजारी स्टुलावर पातेल्यात विरजण लावते, सकाळी घट्ट दही मिळते.

त्या म्हणाल्या ते ऐकीव नव्हते. विसाच्या दशकात या वसाहतीत ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही, हे धोरण होते आणि ते उघडपणे पाळले जात होते. कायदे बदलायला अनेक दशके लागली. घर विकताना आणि भाड्याने देताना वंश, धर्म किंवा मूळ देश बघायचा नाही, असा राष्ट्रीय कायदा झाला तो १९६८ मध्ये. आज याच बागांत बांगलादेशी, कोलंबियन, तिबेटी, पंजाबी आणि आमच्यासारखी मालवणी माणसे बाकावर शेजारी बसतात. या रस्त्यांवर किती भाषा ऐकू येतात हे मोजत बसण्यात अर्थ नाही. एवढे खरे की यातले बहुतेक जण शंभर वर्षांपूर्वी दारातून परत पाठवले गेले असते.

आता को-ऑप म्हणजे काय ते थोडे सांगावे लागेल, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. आम्ही ज्याला आमचा फ्लॅट म्हणतो त्याची मालकी कागदोपत्री आमच्याकडे नाही. अख्ख्या इमारतीची मालकी एका कंपनीकडे आहे, आम्ही त्या कंपनीचे शेअर घेतले आहेत, आणि त्या शेअरच्या जोरावर फ्लॅटमध्ये राहण्याचा कायमचा भाडेपट्टा आम्हाला मिळाला आहे. इमारतीचा मालमत्ता कर एकत्र भरायचा, इमारतीवर कर्ज असेल तर तेही एकत्र फेडायचे, बॉयलर, छप्पर, लिफ्ट, नोकरांचे पगार, सगळे महिन्याच्या मेंटेनन्समधून. म्हणजे एकाने पैसे थकवले की त्याचा बोजा उरलेल्यांच्या डोक्यावर. म्हणून नवा माणूस आत घेण्याआधी बोर्ड, म्हणजे आपल्याकडची कमिटी, त्याचा पगार, बँकेतली शिल्लक, कर्जे, नोकरीचे पत्र, सगळे मागते आणि शेवटी समोर बसवून प्रश्न विचारते. पैशापुरते बोलायचे तर मला ते रास्त वाटते. उद्या बॉयलर बदलायची वेळ आली तर शेजारी आपला वाटा उचलू शकेल की नाही, हे जाणून घ्यायचा हक्क मला आहे.

अडचण त्यापुढे सुरू होते.

१९९७ मध्ये आम्ही आधी दुसऱ्याच एका इमारतीत फ्लॅट बघितला होता. मुलाखतीला बोर्डाचे पाच जण बसले होते. पगाराबद्दल दोन प्रश्न झाले. मग एका बाईंनी हसऱ्या चेहऱ्याने विचारले, तुम्ही रोज घरी स्वयंपाक करता का? मी हो म्हटले, अगदी कौतुकाने म्हटले, दोन्ही वेळचा करते. मसाले घरी भाजता का? हो. यजमानांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला तेव्हा माझ्या लक्षात आले. आठवड्याने ब्रोकरकडून एका ओळीचा निरोप आला, अर्ज नामंजूर. कारण लिहिलेले नव्हते. कारण देण्याचे बंधनच बोर्डावर नव्हते.

स्वयंपाकामुळेच नाकारले का? मला आजही माहीत नाही. तेच तर जाचते. कारण सांगितले नाही की माणूस आपले सगळेच तपासत बसतो, आपला उच्चार, आपले कपडे, घरातला वास. त्यानंतर वर्षभर मी भाड्याच्या घरात सुरमई तळली नाही. बांगडा तर आणलाच नाही. भावाला फोनवर सांगायचे की इथे ताजा मिळत नाही. ते खोटे होते. ७३ व्या रस्त्यावरच्या बांगलादेशी दुकानांत मासळीचा ढीग असतो.

पुढच्या वर्षी या इमारतीत अर्ज केला. इथल्या बोर्डाने पैशाचे प्रश्न कसून विचारले, पाऊण तास. चुलीबद्दल एकही नाही. आम्हाला घर मिळाले.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जाते आहे, पण ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. काही वर्षांनी मीच बोर्डावर निवडून आले आणि सहा वर्षे होते. दुसऱ्याच वर्षी एक अर्ज आला. नवरा टॅक्सी चालवणारा, बायको म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी, दोन मुले, सासू बरोबर. पैशाचे कागद चोख होते. वीस टक्क्यांऐवजी तीस टक्के रोख भरणार होते. मुलाखत झाली, ते उठून गेले, आणि आमच्यातले एक जण म्हणाले, हे लोक नंतर आणखी नातेवाईक आणून ठेवतात. दुसरे कोणी मान हलवली. ‘हे लोक’ म्हणजे कोण, हे मी विचारायला हवे होते. बोर्डावर मी एकटीच बाहेर देशात जन्मलेली होते. मी गप्प बसले. मत नोंदवायची वेळ आली तेव्हाही मी बहुमताबरोबर हात वर केला. त्यांना एका ओळीचा निरोप गेला, मला आला होता तसाच.

साताठ महिन्यांनी ८२ व्या रस्त्याच्या स्टेशनच्या जिन्यावर ती बाई समोरून आली. एका हातात मुलाचे दप्तर, दुसऱ्या हातात मूल. तिने मला ओळखले की नाही, मला कळले नाही. मी मात्र ओळखले आणि खाली बघून पायऱ्या उतरले.

त्यानंतरच्या बोर्डाच्या बैठकीत मी एक कागद मांडला. अर्जदाराकडून आपल्याला काय हवे ते आधीच लिहून ठेवू: किती टक्के रोख, उत्पन्नाच्या किती टक्क्यांपर्यंत घराचा खर्च, व्यवहार झाल्यावर हातात किती महिन्यांचे मेंटेनन्स शिल्लक. हा कागद ब्रोकरला आणि अर्जदाराला अर्ज भरण्याआधी द्यायचा. मुलाखतीचे प्रश्न ठरलेले, सगळ्यांना तेच. आणि नाकारायचे असेल तर कागदावरचा कोणता निकष पुरा झाला नाही, ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहायचे. वाद झाला. हात बांधले जातील, कोर्टकचेऱ्या होतील, असे म्हणणारे होते. आमचे वकील म्हणाले की उलट याने तुम्हीच सुरक्षित राहाल. तीन बैठकांनंतर तो मंजूर झाला. तेव्हापासून इमारतीत आलेल्यांची नावे टपालपेट्यांवर वाचते तेव्हा मला बरे वाटते. मेंटेनन्स थकवणारे वाढले नाहीत. ज्यांना परत पाठवले त्यांना मात्र मी घर देऊ शकले नाही.

न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क कायद्यात एक मोठी यादी आहे. वंश, धर्म, मूळ देश, लिंग, वय, अपंगत्व, वैवाहिक स्थिती, घरात मुले असणे, स्थलांतरित म्हणून असलेला दर्जा, उत्पन्नाचा कायदेशीर स्रोत, अशी ती लांबत जाते. यातल्या कशावरूनही घर नाकारता येत नाही. आहार त्या यादीत नाही, पण स्वयंपाकावरून विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा मूळ देशाबद्दलचाच प्रश्न असतो, हे इथे आता पुष्कळांना कळते. मुंबईतही चूल विचारली की जात आणि धर्म कळतो, म्हणून चूल विचारतात.

आणि इथे मला आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायचे आहे की कागदावर महाराष्ट्राचा कायदा न्यूयॉर्कपेक्षा उजवा आहे. माझ्या वडिलांनी १९७४ मध्ये बोरिवलीला सोसायटीत फ्लॅट घेतला. पन्नास रुपयांचे पाच शेअर, असे छापलेले ते सर्टिफिकेट दादाने अजून जपून ठेवले आहे. त्या पाच शेअरवर वडिलांना एक मत होते, आणि तिप्पट मोठ्या फ्लॅटवाल्यालाही एकच. इथे तसे नाही. ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, आणि त्यातल्या कलम २३ चे नावच ‘खुले सभासदत्व’ असे आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. कलम २२ म्हणते की तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे धरायचे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या हस्तांतरणाला सोसायटीची ना हरकत लागतच नाही. हे सगळे मी पुतणीसाठी शोधून वाचले आणि थक्क झाले. खुल्या सभासदत्वाचे हे तत्त्व १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी घालून दिले, तिथून ते आपल्या कायद्यात आले आहे.

मग माझ्या पुतणीला नाकारले कसे? नाकारलेच नाही. कागदावर तिने अर्ज केला नाही आणि सोसायटीने काही ठरवले नाही. कमिटीतल्या कोणीतरी घरमालकाच्या कानात सांगितले, घरमालकाने ब्रोकरला, ब्रोकरने तिला. कलम २२ आणि २३ चालू व्हायला आधी अर्ज लागतो, आणि अर्ज होऊच द्यायचा नाही, ही त्यातली मेख आहे.

याला कोणी उत्तर देईल की सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व पारशांपुरते ठेवायला मान्यता दिली आहे. हो, दिली आहे, आणि तो निकाल मी बाजूला सारत नाही. पण तिथे एका समाजाने एकत्र येऊन सोसायटी स्थापन केली होती आणि ती अट उपविधीत पहिल्यापासून लिहिलेली होती. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, आपल्याकडची सर्वांत जुन्यांपैकी. श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. तीही एका समाजाचीच. कारवारकडून मुंबईला आलेल्या माणसांना परवडेल असे घर मिळत नव्हते, म्हणून त्यांनी ते मिळून बांधले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी अगदी याच कारणासाठी आपली पहिली सहकारी इमारत बांधली. सहकारी घरांच्या बाबतीत गावदेवी न्यूयॉर्कच्या त्या कामगारांपेक्षा एक वर्ष पुढे होती, हे मी इथल्या शेजाऱ्यांना फार अभिमानाने सांगते. आपल्या माणसांना छप्पर मिळावे म्हणून पै पै जमवणे ही एक गोष्ट आहे. बिल्डरने जाहिरात देऊन कोणालाही विकलेल्या फ्लॅटांची सोसायटी झाल्यावर, कोणत्याही उपविधीत नसलेला नियम चार जणांनी जिन्यात उभे राहून करणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. माझ्या पुतणीला नाकारणारी सोसायटी या दुसऱ्या प्रकारची आहे.

शाकाहारी माणसांना वासाचा खरोखर त्रास होतो, हे मी नाकारत नाही. आमच्या समोरच्याच दारात एक जैन दांपत्य राहते. पर्युषणात ते शेजारच्या एल्महर्स्टमधल्या जैन मंदिरात रोज जातात. त्यांनी एकदा संकोचत सांगितले की शनिवारी दुपारी तुमच्याकडून वास येतो. त्या आठवड्यात यजमानांनी आमच्या मुख्य दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली. तेव्हापासून मासे तळताना मी स्वयंपाकघराचे दार लावून घेते आणि खिडकी उघडते, जानेवारीतसुद्धा. पट्टीला अकरा डॉलर पडले. पर्युषणाचे आठ दिवस मी घरात मासे करत नाही. ते त्यांनी सांगितले नव्हते, मला वाटले म्हणून. संवत्सरीला त्या घरच्या बाई दारात येऊन हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, आणि गणपतीत माझ्याकडचे उकडीचे मोदक त्यांच्याकडे जातात. दाराला दार लागून असले की माणसे मार्ग काढतात. त्यासाठी आधी दोघांनाही घर मिळावे लागते.

म्हणून सहकार खात्याला आणि आपल्या आमदारांना माझी विनंती आहे. आदर्श उपविधींत स्पष्ट शब्दांत लिहा की आहार, जात, धर्म, भाषा आणि वैवाहिक स्थिती ही सभासदत्व नाकारण्याची किंवा भाडेकरू नाकारण्याची कारणे होऊ शकत नाहीत. फ्लॅट विकायला निघालेल्या सभासदाला खरेदीदाराबद्दल तोंडी काही सांगायला कमिटीला बंदी करा. जे सांगायचे ते लेखी, सेक्रेटरीच्या सहीने, तारखेसह. तोंडी नकार कळवणाऱ्या ब्रोकरलाही जबाबदार धरा, कारण हा निरोप नेहमी त्याच्याच तोंडून येतो. आणि पैशाचे निकष हवे असतील तर प्रत्येक सोसायटीने ते सूचना फलकावर लावावेत. थकबाकीची भीती खरी असते, मी ती सहा वर्षे हिशेबाच्या वहीत पाहिली आहे. ती भीती आकड्यांत मांडता येते. जे आकड्यांत मांडता येत नाही ते विचारण्याचे कारण नाही.

आमच्या इमारतीचा तो एक पानी कागद मी मराठीत उतरवून, मुंबईला लागू न पडणारे दोन मुद्दे काढून, पुतणीकडे पाठवला आहे. ती सध्या भाड्याने राहते त्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना तिने तो दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यायचे कबूल केले आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाला हवा असेल तर तो मी आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत जोडून पाठवते आहे. तो छापायला किंवा वाटायला माझी कसलीच हरकत नाही.

आपली नम्र वाचक,
जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क